सुनेबरोबर लाल मातीवरचं टेनिस

२६ मे
टीव्हीवर सुरू झालं एकदाचं! लाल माती, पांढऱ्या रेघा. खेळाडू आल्या आल्या बुटाने माती सारखी करतात, मला तेच फार आवडतं. सून म्हणाली, आई, अजून खेळ सुरू व्हायचाय. म्हटलं, माझा झाला.

२८ मे
सिमेंटवर चेंडू ठोकला की खलास. मातीवर तो जरा दमानं वर येतो, म्हणून समोरचा गाठतो. मग हा गाठतो. एका गुणात माझे वाटीभर मटार सोलून होतात. त्या डावखुऱ्याचे मोजे पोटरीपर्यंत लाल, पण सोडत नाही! सुनेने त्याचं नाव घोरपड ठेवलंय.

३१ मे
चिरंजीव आणि सून वेगळे होणार. दोन सेटच्या मधे सांगितलं मला. भांडण नाही म्हणे. सून काम करते त्या औषधांच्या दुकानाजवळ तिने खोली घेतलीय. अंतिम सामना झाला की जाणार.
चिरंजीव म्हणाला, तू यात पडू नकोस. नाही पडले. मटार सोलत राहिले. दाणे सालांत टाकले, सालं दाण्यांत.

१ जून
तिकडे पाऊस. मैदानावर ताडपत्री. घरात तिघांचा चहा तीन खोल्यांत.

४ जून
धाकट्या बहिणीचा फोन. सून जाते तर जाऊ दे, मुलगा तर तुझाच आहे ना? म्हटलं, त्याला टेनिस कळत नाही. तिने फोन ठेवला.

५ जून
चेंडू आत की बाहेर, यावरून तंटा. पंच उंच खुर्चीवरून उतरले, चालत गेले, वाकून मातीतली खूण पाहिली. मिटलं!
सून टीव्हीकडे बघतच म्हणाली, "आपल्याकडे असं कुणी खाली उतरून बघत नाही."
मी टीव्ही बंद केला. घोरपडीची सर्व्हिस होती, तरी केला. मग विचारलं, नक्की झालं काय?
ती बोलायची, हा फोनमध्ये बघून 'हं' म्हणायचा. दोन वर्षं नुसतं 'हं'. मी त्याच घरात. मला वाटायचं, किती शांत जोडपं!

८ जून
घोरपड अंतिम सामना हरली. टाळ्या मात्र तिलाच जास्त.
सुनेला म्हटलं, मीही येते तुझ्याबरोबर. ती म्हणाली, खोली लहान आहे. म्हटलं, मी कुठे मोठी आहे?
चिरंजीवाला सांगितलं. "आई, लोक काय म्हणतील?" कितीतरी दिवसांनी या घरात त्याने कुणाला काही विचारलं.

१० जून
नवी खोली. माझी गादी चिरंजीवानेच जिन्यावरून चढवली. घाम पुसत दारात उभा राहिला. मग बायकोला म्हणाला, "मी कधी येऊ?"
"आईंना विचार."
म्हटलं, विचार करून सांगते.