शेवटच्या प्रकरणाचे टाके

१६ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय वन्सं,

तू मजेत असशील. नसलीस तरी पत्रात मजेत असण्याची तुझी जुनी सवय आहे, तेव्हा तसं धरूनच चालते. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून आपण असल्याची आठवण करून देतो. दुकानात गर्दी आहे. शाळांमध्ये डोळ्यांची तपासणी झाली, त्यामुळे रोज एखादी आई "एवढ्याशा वयात चष्मा?" म्हणत माझ्याकडे असं बघते, जणू तो नंबर मीच लावला.

पुस्तकांचं पार्सल बुधवारी पोचलं. एकेकाचं सांगते, नाहीतर म्हणशील, वहिनीनं नुसती चाळली.

आधी दीपगृहावरच्या खुनाची कादंबरी. अगं, खून व्हायलाच अर्धं पुस्तक जातं. तोवर लेखक आपल्याला समुद्राचा रंग सांगत बसतो. निळा असतो, माहीत आहे आम्हाला! इन्स्पेक्टर फार हुशार आहे हे आपल्याला कशावरून कळतं, तर त्याचा हवालदार दर दोन पानांनी "कमाल केलीत साहेब" म्हणतो त्यावरून. खुनी मी लवकरच ओळखली. विधवेला रोज संध्याकाळी वाटीभर गरम सूप आणून देणारी ती शेजारीण. इतक्या नियमानं, इतक्या मायेनं कुणी सूप आणत नाही. माझा अंदाज पुस्तकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिला, मग कात्री घेऊन तुझे टाके कापले, आणि निघाली तीच. टाके मात्र तू अजूनही पोत्याचं तोंड शिवल्यासारखेच घालतेस. इतक्या वर्षांत काडीची सुधारणा नाही.

आठवतं, हे खूळ कसं सुरू झालं? माझं लग्न नुकतंच झालेलं. तू कॉलेजात. रहस्यकथा हातात पडली की तू आधी शेवटचं पान वाचायचीस आणि जेवताना सगळ्यांसमोर खुनी सांगून मोकळी व्हायचीस. एकदा मी इतकी चिडले, की अख्खं शेवटचं प्रकरण सुईदोऱ्यानं शिवून टाकलं आणि म्हटलं, "वन्सं, आता वाच! आधी अंदाज लिही, मग कात्री मिळेल." तू आईंकडे तक्रार घेऊन गेलीस, "ही बघ ना, पुस्तकं शिवते!" आई म्हणाल्या, "बरं झालं, घरात कुणीतरी सुई धरतंय." तेव्हापासून जी आधी वाचेल तिनं दुसरीसाठी शिवायचं. त्या घरात मी पाहुणी नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. तुला वन्सं म्हणायचं आणि तरी अगं-तुगंच करायचं, हेही तेव्हापासूनच.

दुसरी, भुताची. ही मला आवडली, हसू नकोस. एकटी बाई, मोठं घर, वरच्या मजल्यावर पावलं वाजतात. सगळे तिला म्हणतात, घर सोड. ती सोडत नाही. का सोडत नाही, ते लेखकाला सांगता आलेलं नाही. मला आलं असतं. निदान पावलं तरी वाजतात म्हणून. शेवट अगदीच फुसका. भूत म्हणे खिडकीच्या सैल काचेचं निघालं.

तिसरी प्रेमकथा तू काय म्हणून पाठवलीस, तुझं तुला माहीत. लग्न झालेला नायक, नवं प्रेम, खूप पाऊस, खूप उसासे. बायको बघ कशी रंगवलीय! सकाळी उठल्यापासून भांडी आपटते, नवऱ्याचं पत्र फोडते, नायिकेला रस्त्यात शिव्या देते. लेखिकेचं काम सोपं झालं. बायको कजाग नसती तर बिचारीची पंचाईत झाली असती. एखादी साधी बायको, जिनं नवऱ्याच्या पँटची उसवलेली शिवण बघून स्वतःच म्हटलं, "त्या कोपऱ्यावरच्या बाईकडे टाका, ती नीट करते," तिचं काय करायचं, हे त्या लेखिकेला सुचलं नसतं.

इथं उठून चहा करून आले. तुझ्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "तीन पाठवतेय, पुरवून वाच." पार्सलमध्ये चार होती.

चौथी जुन्या औषधविक्रेत्याची, विषप्रयोगाची. मला वाटलं, घाईत लिहायला चुकलीस. बुधवारपासून ती टेबलावर आहे. त्या पुस्तकाचंही शेवटचं प्रकरण शिवलेलं आहे. पण ते पोत्याचं तोंड नाही. बारीक, तिरके, एकसारखे टाके. गाठ तर कुठे दिसतच नाही; आत दडवलीय. गुरुवारी मी ते दुकानात घेऊन गेले आणि गिऱ्हाईक नसताना फ्रेमचे स्क्रू बघायचं भिंग लावून पाहिलं. तशी गरज नव्हती. तो टाका मी ओळखते. तुझ्या दादाच्या तपकिरी पँटला होता, मग करड्या पँटला, मग जिला काही झालंच नव्हतं अशा निळ्या पँटलाही. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, "हात काय सुरेख आहे हो तिचा!" तो "हं" म्हणाला आणि पेपरात डोकं घातलं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत तो त्या सुरेख हाताकडे राहायला गेला.

तो गेला त्या आठवड्यात तू आलीस. स्वयंपाकघरात फरशीवर माझ्याशेजारी बसलीस आणि म्हणालीस, "वहिनी, दादाचं माझं संपलं. त्या घराची पायरी मी चढणार नाही." मी सांगितलं नव्हतं गं तसं म्हणायला. तूच म्हणालीस. आणि खरं सांगते, मला केवढा आधार वाटला होता. वाटलं, नवरा गेला, नणंद राहिली. सौदा अगदीच वाईट नाही.

तू त्याची बहीण आहेस. जाणारच. कधी ना कधी भेटशील, जेवशील, तिच्या हातचंही जेवशील, हे मी धरूनच होते. मोकळेपणानं सांगितलं असतंस, "वहिनी, मला राहवत नाही, मी जाते त्यांच्याकडे," तर दोन दिवस फुगले असते आणि मग विचारलं असतं, त्याचा खोकला कसा आहे. एवढी कजाग मी नाही.

पण टाके? ते तिला कुणी शिकवले? शिवणं तिला येतं, ते तर सगळ्या जगाला माहीत आहे. मी म्हणते, शेवटचं प्रकरण शिवायचं, हे तिला कुणी शिकवलं? तुम्ही दोघी बसला असाल, तू हसत हसत सांगितलं असशील, "आमच्याकडे एक गंमत आहे." आमच्याकडे म्हणजे कुणाकडे, वन्सं? तिनं विचारलं असेल का, की ही गंमत कुणाची? आणि तू काय सांगितलंस?

भांडी आपटायचा प्रयत्न करून पाहिला. एक पातेलं आपटलं. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "काही पडलं का?" म्हटलं, "हो, हातून निसटलं."

पुस्तक मी वाचलं. राहवलं नाही. शेवटच्या प्रकरणापर्यंत सगळं, दोन बैठकींत. उत्तम आहे. दीपगृहापेक्षा कितीतरी सरस, आणि औषधविक्रेत्याची म्हातारी बहीण तर अशी उभी केलीय, की तिच्यावर संशय घ्यायला मन होत नाही. तिची निवड चांगली आहे. पुस्तकांची म्हणतेय.

टाके मी कापलेले नाहीत. ते तिनं तुझ्यासाठी घातलेत; पुस्तक घाईत माझ्या पार्सलात आलं असणार. तू अजून वाचलंही नसशील. तसंच्या तसं परत पाठवते. तुझा अंदाज लिही आणि काप. ती वाट बघत असेल. मी तरी बघायचे.

याच पार्सलमध्ये माझ्याकडूनही एक पुस्तक आहे. दरोड्याची गोष्ट आहे, वेगवान आहे, तुला आवडेल. माझं वाचून झालंय. सुईत दोरा ओवून बसले होते, पण नाही घातले टाके. शेवटचं प्रकरण उघडंच आहे. आधी वाच, नंतर वाच. जेवताना कुणालाही सांग.

ते परत पाठवायची गरज नाही.

कागदोपत्री अजून तुझी,
वहिनी