रेझिनला दाखवलेलं ऊन

आई,

या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुझा विळा धरलेला हात मनगटापासून तुटून माझ्या तळव्यावर पडला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुला कळणार कसं, म्हणून सांगते. माझी नात टेबलावर करंगळीएवढे सैनिक मांडून लढाया खेळते. ते ती कॉम्प्युटरवर घडवते आणि मुरबाडची एक छपाईवाली रेझिनमध्ये छापून देते. रेझिन म्हणजे राळेसारखं काहीतरी पातळ, दिव्याच्या उजेडात घट्ट होणारं. या खेपेला तिनं धसईच्या शेतातल्या तुझ्या एकुलत्या एक फोटोवरून सेनापती केली होती. मारलेला काष्टा, कमरेला खोचलेला पदर, वर उगारलेला विळा. नाक तर हुबेहूब, भांडायला निघालेलं. रंग तेवढा द्यायचा राहिला होता. नोकरीसाठी पुण्याला जाताना अख्खा खोका माझ्या हातात देऊन म्हणाली, "आजी, तुझ्याशिवाय कुणाकडे ठेवणार? नीट सांभाळ हं."

सांभाळलं मी. उन्हाळाभर रोज गच्चीवर, वालाच्या शेजारी जुनी चादर अंथरून सगळ्या पलटणीला ऊन दाखवलं. दुसरं काय करणार? अजून दिसतं मला. नन्सच्या वसतिगृहातून मी सुट्टीला आलेय, काट्या-चमच्यानं कसं जेवायचं ते तुला शिकवतेय, आणि वालाची गोणी पडवीतच राहिलीय. तू ओंजळ भरून माझ्या नाकासमोर धरतेस. भुंगे तुझ्या बोटांवरून चालतायत. "इंग्रजी शिकलीस न् वालाला ऊन दावायला इसरलीस गो? टिकवायचं त्याला ऊन दावायचं. येवढं तरी तुज्या मडमांना सांग." मडमांना नाही सांगितलं, पण तेव्हापासून गोधड्या, मिरच्या, लग्नातला शालू, एकालाही मी उन्हाविना ठेवलं नाही, आणि एकही खराब झालं नाही.

म्हणून मंगळवारी हात तुटला तेव्हा मी तडक एसटीनं मुरबाड गाठलं आणि छपाईवालीला फैलावर घेतलं. "टिकाऊ म्हणून विकता आणि हे? बोट लागलं की मोडतंय!" तिनं तुकडा खिडकीशी धरला. "मावशी, पिवळं पडलंय. उन्हात ठेवलं होतंत काय?"

"रोज. चांगलं कडक."

ती कपाळाला हात लावून हसायलाच लागली. "अवो, पापड हायेत काय? आमी जांभळ्या दिव्याखाली पक्कं करून देतो, तेवढं बस. वर ऊन लागलं का ते कडक होतच जातं, न् मग काचेवानी तुटतं."

"मग टिकाऊ कसलं?"

"टिकाऊच हाय ना. कपाटात."

मी म्हटलं, नवं छापून द्या, आजच. तर म्हणे, "फाइल तुमच्या नातीकडं. तिलाच सांगायला लागंल."

आल्यापासून एका जागी बसवत नाही. हे लिहिताना चारदा उठून खोका उघडून पाहिला. चिकटवायला गेले तर तुझं दुसऱ्या हाताचं कोपर सुटलं. दोन भालेवाल्यांचे भालेही गेलेत. नात शनिवारी चारला येते. रविवारी कल्याणला तिचा सामना आहे आणि तिची सेनापती तू आहेस. जाताना पलटणीचा फोटोसुद्धा काढून घेतला नाही तिनं, इतका माझ्यावर विश्वास.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? खोक्यातच ठेवते, तुझ्या हाताशेजारी, उन्हापासून लांब. तरी उत्तर मला लेखीच हवंय. ऊन दाखव म्हणालीस, थांबायचं कधी ते का नाही सांगितलंस? लिहिता येत नाही ही सबब चालणार नाही. अंगठा उठवलास तरी पुरे.

आणि एक. निघताना छपाईवालीनं विचारलं, "कुणाच्या डोक्यातली ही अक्कल?" मी म्हटलं, आमच्या आईच्या. "म्हाताऱ्या माणसांना काय कळतंय," ती म्हणाली, आणि मी मान डोलावली.

शनिवारी चारच्या आत कळव. नाहीतर मला पोरीला खरं सांगावं लागेल.