दाराची बाहेरची बाजू

मावशी,

नमस्कार मुद्दामच लिहिला नाही. नोकरी लावून देते म्हणून तू मला ज्या माणसाला विकलंस आणि वर लग्न लावून दिलंस, तो आज कोर्टात हरला. माझी लेक, छोटी, माझ्याकडेच राहणार!

मी राजीखुशीने नांदत होते, दार कायम उघडं असायचं, असं तो शपथेवर म्हणाला. मुलीची खोली किती छान आहे हे दाखवायला त्यानेच फोटो जोडला. मी आता दारं-कुलपं बसवायचं काम करते. फोटोत दाराच्या बाहेरच्या बाजूला मला चार ठिपके दिसले. स्क्रूची भोकं होती ती, बुजवून रंगवलेली.

माझी केस फुकट लढणाऱ्या वकीलबाई फोटो पाहून म्हणाल्या, "अगं बाई, यानं स्वतःच पुरावा आणून दिला की!"

न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "इथे काय होतं?"

"कडी, साहेब. मुलगी लहान, बाहेर पळू नये म्हणून."

"कधी बसवली?"

"दार नवीन केलं तेव्हाच. लग्नाच्या वेळी."

"तेव्हा मुलगी कुठे होती?"

छोटी तेव्हा जन्मलीही नव्हती; तो आपल्या वकिलाकडे बघू लागला.

हे पत्र मी टाकणार नाही. आमचा पत्ता तुम्हा दोघांना कळू नये, असा कोर्टाचाच हुकूम आहे. संध्याकाळी आमच्या खोलीला मी कडी बसवली, आतून, छोटीचा हात पोचेल अशी. मघापासून ती आत खिदळतेय, "कोण आहे? नाव सांगा!" मी पायरीवर बसून लिहितेय.

छोटीची आई,
दाराबाहेरून