आत्या की मावशी

मंगळवार, संध्याकाळ, नौपाडा

डोळे चुरचुरताहेत, मान अवघडली आहे, आणि आज कळलं की अनुवाद पुन्हा पहिल्यापासून करायचाय.

त्या चिनी विज्ञानकथालेखिकेशी आज प्रथमच व्हिडिओवर बोलले. सत्तरीच्या बाई. हवामानखात्यातली नोकरी सांभाळून लिहीत राहिल्या. त्यांची कादंबरी मी इंग्रजीवरून मराठीत आणते आहे. चंद्रावरच्या वस्तीत एका पोरक्या मुलीला तिची ‘आंट’ वाढवते. मी सगळीकडे मावशी लिहिलं. आज सहज विचारलं, ही आईची बहीण ना?

बाई हसल्या. त्यांचं बोलणं त्यांची सून इंग्रजीत सांगत होती. "नाही, वडिलांची. मला आत्यानेच वाढवलं. पहिली कथा तिलाच वाचून दाखवली. तिला काही कळलं नाही, पण शेवटपर्यंत बसून राहिली."

मलाही आत्यानेच वाढवलंय, कळव्याला. मग माया म्हटल्यावर मावशीच का सुचली मला? मावशी तर वर्षातून एकदा यायची, खाऊ घेऊन.

नुसता शब्द बदलून भागणार नाही. मावशीची वाक्यं आत्याच्या तोंडी शोभत नाहीत. आत्या आधी ओरडायची, मग जेवायला वाढायची. अंगात त्राण नाही, तरी तिला फोन करून चूक कबूल केली.

"अगं, मग तिला जरा कडक कर," आत्या म्हणाली. "उगाच गोडगोड बोलायला लावू नकोस."

फोन ठेवला. पहिल्या पानावरचं ‘बाळा’ खोडलं आणि ‘कार्टे’ लिहिलं.