मैदानात आण्णांच्या शेजारी

प्रिय जयराज,

युनिटच्या पत्त्यावर आक्काचं पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. फोन लावला की आण्णा शेजारी येऊन बसतात आणि हे त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही, म्हणून शाळेतून आल्या आल्या लिहायला बसले.

तू म्हणतोस, आण्णा ठणठणीत आहेत, तीस वर्षांपूर्वीची कुस्ती डाव न् डाव सांगतात. खरं आहे. जुनं सगळं जागच्या जागी आहे, निसटतंय ते कालचं. दिवाळीनंतर त्यांनी तालमीच्या हौदात तेल-ताक घालून माती मळून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच केलं. पैलवान घसरून पडले, हसले, आण्णाही हसले. मी मात्र तेव्हापासून लक्ष ठेवलं. आलेल्या पैलवानाचं नाव, बापाचं नाव, गाव आणि वस्ताद एका दमात सांगणारा माणूस आता दारात येईल त्याला 'या पैलवान' म्हणतो. पोस्टमनलाही म्हणाले, तो दिवसभर छाती काढून फिरला. फोनवर तुलाही हल्ली पैलवानच म्हणतात. तुला ते कौतुक वाटतं, म्हणून मी गप्प होते. पण गेल्या तीन महिन्यांत त्यांनी तुला नावानं हाक मारलेली मी ऐकलेली नाही.

माघात शेजारगावच्या मैदानात कुस्त्या जोडायला नेहमीप्रमाणे त्यांनाच बोलावलं होतं. ते खांद्यावर हात ठेवून वजन सांगतात आणि त्यांनी लावलेल्या जोडावर कुणी बोलत नाही, हे तुला मी काय सांगावं. त्या दिवशी विट्याकडचा अर्जुना, पासष्ट किलोचाही नसेल, त्याचा हात आण्णांनी वीरधवलच्या हातात दिला. वीरधवल नव्वदच्या पुढचा, आणि त्याचा जोड आण्णांनीच घटकाभरापूर्वी दुसऱ्याशी लावलेला. अर्जुना आण्णांचा शब्द म्हणून मुकाट्यानं मातीला हात लावून उभा राहिला. शेवटी तानाजी वस्ताद मध्ये शिरले आणि म्हणाले, आवं आण्णा, बापाला लेकाबर लढवताय व्हय? मैदान हसलं आणि जोड बदलला. संध्याकाळी आण्णांना मोटरसायकलवर घरी सोडून वस्तादांनी हे मला अंगणात सांगितलं, तेव्हा ते हसत नव्हते.

सोमवारी डोळे तपासायचेत असं सांगून आण्णांना साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. गोल काढला, आकडे लिहिले, काट्यांपाशी थांबले आणि माझ्याकडे बघितलं. विसरण्याचा आजार आहे, पण सुरुवातच आहे, वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि बजावलं की रोजचं काम बंद करू नका. ते मी बंद करणार नाही. तालमीत फळा लावलाय, माती मळली की तारीख लिहायची. खिशात माझ्या नंबरची चिठ्ठी असते. गोळ्या मी समोर बसून देते. एवढं मला एकटीला जमतं, त्याची काळजी नको.

पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कामासाठी. साताऱ्याहून येताना औंधपर्यंत आण्णा एसटीच्या खिडकीबाहेर बघत होते. मग हळूच म्हणाले, "शिवा, माज्या हातनं त्या पोराची मान मोडली असती गं. आपल्या जत्रंला बारक्याला बोलव. त्याला जोड लावाय शिकिवतो. अजून येतंय तवर शिकिवतो." तुझ्या नोकरीत अडचण नको म्हणून तुला ते हे कधीच सांगणार नाहीत. तू जूनची रजा घराच्या स्लॅबसाठी ठेवली आहेस. स्लॅब थांबेल. रजेचा अर्ज आजच बदलून चैत्रातली, जत्रेची मागून घे. मी जत्रेच्या कमिटीला तुझं नाव कळवलंय, वस्तादही खूश आहेत. मैदानात आण्णांच्या शेजारी उभा राहा. हात त्यांनाच धरू दे, वजन तू बघ. चुकीचा हात धरला तर चारचौघांत बोलू नकोस, नुसता त्यांच्या कोपराला हात लाव. रस्त्यात कुणाची ओळख लागेना झाली की मी तेच करते. ते थांबतात.

तुझीच,
आक्का