तबकातलं नाव

एडिसन, न्यू जर्सी
१५ फेब्रुवारी १९८७

तीर्थस्वरूप आईंना,
उत्तराचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र येऊन किती दिवस झाले, आज कुठे उत्तराला मुहूर्त लागतोय. रागावू नका. सकाळी ऑफिस, संध्याकाळी स्वयंपाक, आणि रविवारी आठवडाभराचे कपडे. नुसती पाय ओढत चालते. बर्फ अजून हटत नाही. ह्यांना खोकला झालाय, पण झालाय हे ते कबूल करत नाहीत. तेवढं तुम्ही फोनवर दटावा, माझं ऐकत नाहीत.

आमच्या कॉलेजात मार्चमध्ये बायकांच्या इतिहासाचे कार्यक्रम असतात, हे मागे लिहिलं होतं. आजवर आठवडा असायचा, यंदा सरकार त्याचा महिना करतंय. मीटिंगमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, चला, आता महिनाभर दमा. बायकांच्या कष्टांवर भाषण असलं की खुर्च्या मांडायच्या बायकांनी, कॉफी करायची बायकांनी आणि बटाटेवडे तळायचे मी. भाषण सुरू झालं की आम्ही मागे भिंतीला टेकून जांभया देतो.

यंदा एक गंमत झाली. लायब्ररीतल्या मार्गारेटबाई कमिटीच्या प्रमुख आहेत. त्या एक लांबलचक कापडी फलक करताहेत. कॉलेजात आजवर काम केलेल्या सगळ्या बायकांची नावं, झाडूवालीपासून प्रोफेसरपर्यंत. नावं काढली जुन्या फायलींतून. परवा माझ्या टेबलापाशी आल्या आणि विचारायला लागल्या की तुमच्या देशाची आणखी एक बाई इथे होती, तिचा पत्ता आहे का. नाव म्हणे कांचन साने. मला हसूच फुटलं. नोकरीच्या अर्जाला मी बी. ए.चं सर्टिफिकेट जोडलं होतं, त्यावर माहेरचं नाव. पगार घेते उत्तरा खांबेटे. बाईंनी दोघींना दोन ओळी दिल्या होत्या. मी म्हटलं, त्या दोघी मीच. आडनाव बदललं हे त्यांना कळलं, पण नाव कसं बदलेल ते कळेना. मग लग्नातलं तबक, त्यातले तांदूळ, ह्यांनी अंगठीने लिहिलेलं नाव, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग यातली तू कोण?" आई, मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आता मुद्द्याचं. आमचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू झाला. ऑफिसर म्हणाला, शपथेच्या दिवशी कोर्टात नाव बदलून घ्यायचं असेल तर आत्ताच सांगा. मी सांगून टाकलं, कांचन. आडनाव खांबेटेच राहील, काळजी नको. शपथ मे महिन्यात आहे, तोवर मागे घेता येतं. हे घरी आल्यावर एवढंच म्हणाले की आईला विचार. मी विचारत नाहीये, कळवतेय. पण तुमच्या आशीर्वादाशिवाय करायला जीव धजत नाही, हेही खरं.

अतुलभावजी आणि पद्मजावहिनींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुमची,
उत्तरा

---

अर्विंग, टेक्सस
२४ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. उत्तरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. चंदूला म्हणावं, खोकला अंगावर काढायला तू आता कॉलेजातला पोरगा नाहीस. रात्री हळद घालून दूध दे, नको म्हणाला तरी दे.

इथे सगळं ठीक. अतुल आणि पद्मजा सकाळी आपापल्या गाड्यांनी जातात, मग दिवसभर मी आणि घड्याळ. रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही. पोस्टाची गाडी आली की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. काल तिच्यातून नुसत्या गालिच्यांच्या जाहिराती निघाल्या.

तुमच्या कमिटीला माझा नमस्कार सांग. बायकांचा इतिहास म्हणजे बटाटेवडे हे मला आधीच ठाऊक होतं, त्याला महिना कशाला हवा?

नावाचं मात्र माझ्या मनाला पटलं नाही. लग्नात नाव बदलणं ही काय तुझ्या एकटीवर आलेली गोष्ट आहे? माझंही बदललं, माझ्या सासूचंही बदललं होतं. उत्तरा हे काय वाईट नाव आहे? एवढी वर्षं त्या नावाने तुला सगळं मिळालं, नवरा, घर, नोकरी. आता चाळिशी उलटल्यावर कुणी परकी बाई काहीतरी विचारते आणि तू रडत बसतेस.

बदलायचंच असेल तर दुसरं कुठलंही घे, माझी हरकत नाही. कांचन नको. त्यावर मला पुन्हा लिहायला लावू नकोस.

मुरांबा पाठवते आहे. बरणी फुटली नाही तर कळव, फुटली तर नको कळवू.

तुझी,
आई

---

एडिसन
५ मार्च १९८७

तीर्थस्वरूप आईंना,
सा. न. वि. वि.

मुरांबा नीट पोचला. ह्यांचा खोकला कमी आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आई, आजवर तुम्हाला उलट बोलले नाही. तुम्ही मला कधी सासुरवास केला नाहीत, मी टायफॉइडने पडले होते तेव्हा माझी वेणी घालणाऱ्या तुम्हीच. म्हणूनच हे झोंबलं. दुसरं कुठलंही घे म्हणता. दुसरं कशाला घेऊ? बाजारात का गेलेय मी? जे माझं होतं तेवढंच मागतेय.

त्या दिवशीचं तुम्हाला आठवत नसेल. मला कुणी आधी सांगितलंसुद्धा नव्हतं. तबक पुढे आलं, हे अंगठीने लिहीत होते, आणि बाकीच्या बायकांसारखी मीही वाकून वाचत होते. माझं नाव काय ते मला तांदळात वाचून कळलं. सगळे हसत होते म्हणून मीही हसले. माझी आई गेल्यापासून मला कांचन म्हणणारं कुणी उरलेलं नाही. एखाद्या दिवशी ऑफिसातून येताना गाडीत मीच स्वतःला हाक मारते. वेड लागलंय म्हणाल.

मला फार थकायला झालंय, आई. कामाने नव्हे, काम कुणाला चुकलंय. सगळ्यांना समजून घेण्याने थकलेय. हे म्हणतात, आईला असं लिहू नकोस. का, म्हणून विचारलं तर उठून दुसऱ्या खोलीत जातात.

वीस तारखेला फलक लावणार आहेत. एकेकीने पुढे येऊन आपलं नाव वाचायचं आणि दोन वाक्यं बोलायची. मी बोलणार आहे. कांचन का नको, एवढं तरी सांगा. कारण असेल तर मी ऐकेन. नसेल तर मला अडवू नका.

मायेत कमी-जास्त होऊ देऊ नका.

तुमची सून

---

अर्विंग
१२ मार्च १९८७

चि. सौ. उत्तरा हिस,
आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहिते. चंदूला विचारू नकोस, त्याला मीच बोलायची बंदी केली होती.

अतुलनंतर आणि चंदूच्या आधी मला एक मुलगी होती. तिचं नाव कांचन. हाक मारली की कधी सरळ ओ द्यायची नाही. दाराआड उभी राहायची, मी शोधायची, मग हसायची. सहा वर्षांची झाली आणि घटसर्पाने गेली. मिरजेला डॉक्टरांकडे नेताना टांग्यात माझ्या मांडीवरच गेली. चंदू तेव्हा चार वर्षांचा. तिचा फोटो काढलेला नव्हता, तेव्हा कोण काढत होतं मुलींचे फोटो. तिचे कपडे सासूबाईंनी देऊन टाकले. मला रडायलासुद्धा सवड दिली नाही, घरात माणसं जेवायची होती. मी मुलांना सांगितलं, हे नाव या घरात काढायचं नाही.

मग तुझं स्थळ आलं. तू पोहे घेऊन आलीस, मला आवडलीस. तुझ्या वडिलांनी नाव सांगितलं आणि मी हातातली बशी खाली ठेवली. घरी आल्यावर मी म्हटलं, हे स्थळ नको. चंदूचे वडील म्हणाले, मुलीचा काय दोष, नाव तर लग्नात बदलतंच. मी म्हटलं, मग बदला. उत्तरा हे नाव त्यांनी पंचांगाशेजारी बसून काढलं, मी नीट ऐकलंसुद्धा नाही. मला फक्त ते नको होतं. दिवसातून पन्नासदा ते नाव घ्यायचं, आणि दाराआडून कुणी दुसरीच यायची, हे मला झेपलं नसतं.

मी माफी मागत नाही. तीच वेळ पुन्हा आली तर तेच करीन. पण तुझं काय गेलं ते मला तुझ्या पत्राने कळलं. मला वाटायचं, गेलं ते माझंच गेलं.

आता तुला कारण कळलं. पुढचं तू ठरव. आज जास्त लिहवत नाही.

तुझी,
आई

---

एडिसन
२२ मार्च १९८७

तीर्थस्वरूप आईंना,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसला निघताना मिळालं. गाडीत बसून वाचलं आणि त्या दिवशी ऑफिसला गेलेच नाही. ह्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि रात्री जेवले नाहीत.

वीस तारखेला मी वडे केले नाहीत. दुकानातून बिस्किटं आणली, कुणाचं काही बिघडलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी कांचन साने वाचलं, मग उत्तरा खांबेटे वाचलं. दोघी मीच, असं सांगितलं. मग मार्गारेटबाईंना विचारलं की फलकावर नसलेलं एक नाव वाचू का. त्या म्हणाल्या, वाच. मी वाचलं, कांचन खांबेटे, वय वर्षं सहा, मिरज. दाराआड लपायची, हेही सांगितलं. मग जागेवर जाऊन बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं.

हे कामावरून परस्पर आले होते, मला न सांगता. मागे उभे होते. नंतर पार्किंगमध्ये शोधलं तर गाडीत बसून रडत होते. मला म्हणाले, "तिच्या परकराचा रंग आठवतो गं, चेहरा आठवत नाही." लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

आता माझं. दोन दिवस वाटत होतं, राहू द्यावं. तुमच्या दुःखापुढे माझं नाव ते काय? पण आई, असंच करत करत मी इथवर आलेय. तिचं नाव तिचं होतं, माझं माझं. मे महिन्यात मी कांचन या नावाने शपथ घेणार. तुमचं मन मोडून घेतेय, हे ठाऊक आहे. तुम्ही मला उत्तराच म्हणा, शेवटपर्यंत. मी ओ देईन आणि मनात काही ठेवणार नाही.

एवढं वाचूनही माया उरली तर दोन ओळी लिहा.

तुमची सून

---

अर्विंग
३० मार्च १९८७

चि. सौ. कांचन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अतुलला वाचायला दिलं. त्यालाही परकराचा रंग आठवतो. हिरवा होता. चंदूला विचार, त्याला तोच आठवतो का.

मला उत्तराच म्हणा, अशी सवलत दिलीस. ती मला नको. तू आयुष्यभर माझ्यासाठी ऐकत आलीस, आता पुरे. शपथेला मला येता आलं तर बघते, अतुल तिकिटाचं बघतो म्हणालाय. गुडघे साथ देत नाहीत, पण विमानात बसूनच तर यायचंय.

हे पत्र मी सकाळी लिहायला घेतलं, वरची ओळ मोकळी सोडली. बाकी सगळं लिहून झालं, जेवण झालं, भांडी झाली, मग ती भरली. अक्षर वाकडं आलंय, चालवून घे.

लिहिता आलं. हाक मारायला मात्र थोडा वेळ दे.

तुझी,
आई