मागच्या कोपऱ्याची माती

बाबा, तुम्ही आयुष्यभर कुदळीने खणलंत आणि तुमची लेक आता ट्रॅक्टरवर बसून खणते, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. शेतातला मोठा नव्हे, बागेतला छोटा ट्रॅक्टर आहे, सेकंडहँड, जेमतेम रिक्षाएवढा. मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांच्या बागा करते मी. बाई ट्रॅक्टर चालवतेय म्हणून लोक बाल्कनीतून फोटो काढतात. तुम्ही असता तर आधी टायरला लाथ मारून बघितली असती आणि मग विचारलं असतं, "ह्येका खावक काय घालतंस गो?"

गेल्या महिन्यात काम आलं ते तुमच्या स्मशानाचं. तुमचंच म्हणायचं, कारण गिरणी बंद पडल्यापासून हातपाय चालेनासे होईपर्यंत तिथली बाग तुम्हीच राखलीत. आता मागचं सगळं मैदान नांगरून तिथे हिरवळ लावायची आहे, मागच्या कोपऱ्यासकट. त्या कोपऱ्यात पूर्वी तान्ह्या मुलांना पुरत. माझी धाकटी बहीण तिथेच आहे. बारशाच्या आधीच गेली, तिला नावसुद्धा नव्हतं. दात न आलेल्या मुलाला जाळत नाहीत, म्हणून तुम्ही तिला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेलात. नेमकं कुठे पुरलं ते आईला सांगायचं नसतं, नाहीतर ती तिथेच जाऊन बसते, असं चाळीतल्या म्हाताऱ्यांनी बजावलं होतं आणि तुम्ही ते इतकं पाळलंत की तिला नाही सांगितलंत, मलाही नाही. तो दिवस मला आठवतो. तुम्ही मोरीत हात धुताय, नखांतली माती निघत नाहीये, आई भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तुम्ही एवढंच म्हणता, "जमीन लय कडक होती." मग बराच वेळ नळ चालूच राहतो. पुढे गिरणी बंद पडली तेव्हा तुम्हाला एका कारखान्यात रखवालदाराची नोकरी मिळत होती, सावलीतली, खुर्चीवरची. तुम्ही ही माळ्याची घेतलीत. लोक हसले. आई हसली नाही, एवढं मी बघितलं होतं.

या कामासाठी मी ट्रॅक्टरला जोडायचा टिलर आणला. तोही जुनाच. ट्रॅक्टरच्या मागे बसतो, फिरत्या दांड्यावर वाकडी पाती असतात, ती जमीन फोडत जातात. पाती बोथट होती म्हणून सगळी सोडवून धार लावून आणली आणि फाटकाच्या आत बसून मीच परत बसवली. मग ट्रॅक्टर मागे घ्यायचा, त्याचे खालचे दोन हात टिलरच्या खिळींवर बसवायचे, वरचा दांडा जोडायचा, आणि इंजिनाच्या जोरावर पाती फिरवणारा शाफ्ट असा आत ढकलायचा की कट् आवाज आला पाहिजे. हे सगळं एकटीने करायचं म्हणजे दर वेळी ट्रॅक्टर बोटभर पुढे नाहीतर बोटभर मागे असतो. चार वेळा चढले, चार वेळा उतरले, तुम्हाला माहीत असलेल्या सगळ्या शिव्या दिल्या. स्मशानात शिव्या देऊ नयेत म्हणतात, पण तिथे तक्रार करणार कोण?

सुरू केला, तर टिलर जमिनीत शिरेचना. नुसता थडथड उड्या मारत वरून जातोय, मागे खरवडल्यासारखी रेघ. तिथले देखरेखीचे काका लांबून बघत होते. जवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, ही जमीन घेत नाय. सोडा ना, कशाला उगाच?" माझ्याही मनात क्षणभर तेच आलं, खोटं कशाला बोलू. मग इंजिन बंद केलं, खाली वाकले आणि पाहिलं. डावीकडची पाती उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे बसली होती. धार मागे, पाठ पुढे. पाठीने कधी जमीन फुटते का? लहानपणी मी खुरपं उलटं धरलं होतं तेव्हा तुम्ही ते हातातून हिसकावून घेतलं होतंत. "धार खय आसा ता आदी बघ, मगे हात घाल." तेव्हा मी रडले होते. त्या दिवशी तुमच्या बागेत, पाना हातात धरून, मी जोरात हसले. काकांना वाटलं असणार, हिला लागलं काहीतरी.

पाती सरळ केली आणि टिलर असा चालला की बघत राहावं. दुपारपर्यंत पुढचं सगळं मैदान भुसभुशीत झालं. पण मागचा कोपरा आला आणि माझा हात पुढे जाईना. स्मशानाच्या ऑफिसातून सांगितलं होतं, इतक्या वर्षांत माती झाली सगळी, तिथे काही उरलेलं नाही. मलाही ते कळतं. पण ती धार मी स्वतः लावून आणली होती. तिथे ती फिरवायची कशी? टिलरची खोली कमी करायची पट्टी गंजून घट्ट झालेली, हातोड्यालाही दाद देईना. शेवटी मी एकेक नट सोडवून पाती पुन्हा उलटी बसवली. जी चूक सकाळी झाली होती तीच मुद्दाम केली. मग कोपऱ्यावरून टिलर नुसता खरवडत नेला. हिरवळीला तेवढं पुरतं. मला वाटलं, तुम्ही बघितलं असतं तर काही बोलला नसता, पण चहा पाजला असता.

घरी येऊन आईला सांगितलं. ती विळीवर नारळ खवत होती. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिचा हात थांबला.

"खोल गेलंस नाय?"

"नाही गं. वरवर. तिला धक्का नाही लागू दिला."

आईने करवंटी खाली ठेवली. "म्हणजे अजून कडकच आसा," ती म्हणाली. "तेंनी माका येवडाच सांगल्यानी, जमीन कडक होती म्हणान. तेवापासून मी आडवी झालंय की माका ताच दिसता. माझा चेडू कडक मातयेत आसा. मऊ करून दी गो तिका."

बाबा, ते एक वाक्य तुम्ही थकून बोलला होता. हात सोलवटले होते म्हणून बोलला असाल. ते तिने इतकी वर्षं उशाला घेतलं, आणि आपल्या दोघांनाही त्याचा पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला बरोबर घेऊन गेले. बायका तिथे जात नाहीत म्हणून तुम्हाला नेलं तेव्हाही आम्ही दोघी दारातूनच मागे फिरलो होतो. तुमची बाग तिने कधी पाहिलीच नव्हती. फाटकाशी तिने चपला काढल्या. काका काही बोलायला आले आणि तिचा चेहरा बघून खुर्ची आणायला गेले. मी पाती सरळ बसवली, धार पुढे आहे ना ते दोनदा पाहिलं आणि कोपऱ्यात शिरले. कान सगळे खाली लावलेले. खडे वाजले, मुळं तुटली, बाकी काही नाही. वरची माती करडी, खालची लाल, ओलसर. आई खुर्चीवर बसलीच नाही. ट्रॅक्टरच्या मागून अनवाणी चालत होती, पाय घोट्यापर्यंत रुतवत, ढेकूळ दिसलं की वाकून हाताने फोडत. मला रडू येत होतं, पण स्टिअरिंग सोडता येत नव्हतं, तेव्हा चालवतच राहिले.

शेवटची फेरी संपत आली तेव्हा ती ओरडली, "खय गो? खय आसा ती?"

तुम्ही मला कधीच दाखवलं नाहीत. खुणेचा दगड नाही, खुणेचं झाड नाही, काही नाही. मी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि म्हटलं, "इथे. बाबांनी मला दाखवलं होतं." आई तिथे बसली. दोन्ही हात मातीत कोपरापर्यंत घातले आणि तसेच ठेवले. "मऊ झाली," एवढंच म्हणाली. घरी आल्यावर तिने हात धुतले नाहीत, तसेच पोटाशी घेऊन झोपली. दुपारची झोपली ती दिवेलागणीला उठली.

आता दर रविवारी जायचं म्हणते. त्याच जागेवर बसते, हिरवळीवर पाणी शिंपडते, घरातलं काय काय सांगते. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून लिहिते. ती जागा मला माहीत नव्हती, बाबा. तिथे कुंपणापलीकडच्या करंजाची सावली पडली होती. आईला उन्हात बसावं लागू नये म्हणून मी तिथे थांबले.